कॉफीबरोबरचे पाणी

व्हिएन्नाच्या कॉफीगृहात कॉफी मागविली की ती एकटी येत नाही. चकचकीत धातूच्या लहानशा तबकात कपाशेजारी पाण्याचा पेला असतो आणि त्या पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला असतो. हे पाणी मागावे लागत नाही. कॉफी संपवून आपण वर्तमानपत्र चाळीत बसलो, तर काळ्या पोशाखातला वेटर रिकामा पेला उचलतो आणि काही न बोलता भरलेला पेला आणून ठेवतो. ‘आता उठा’ असे सुचविण्याची ही सभ्य तऱ्हा असावी, अशी पहिल्या दिवशी माझी समजूत झाली आणि मी घाईघाईने पाकीट काढले. शेजारच्या टेबलावरील एका वृद्ध गृहस्थांनी हाताने खूण करून मला बसविले. पाण्याचा दुसरा पेला म्हणजे निरोप नव्हे, आणखी बसण्याचे आमंत्रण आहे, हे त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून मला उमगले.

त्या शहरात मी आठ दिवस होतो. राजवाडे पाहिले, चित्रसंग्रह पाहिले, संगीत ऐकले, गोड पदार्थ तर प्रमाणाबाहेर खाल्ले. तरीही परत आल्यावर डोळ्यांपुढे राहिला तो हा पाण्याचा पेलाच. त्याचे कारण सांगावयास हवे. बडोद्यासारख्या संस्थानी शहरात ज्यांच्या चार पिढ्या गेल्या, त्यांना एक प्रश्न नवा नाही : राजा गेला, दरबार उठला, की राजधानीचे उरते काय? आपल्या जुन्या घरांतून संध्याकाळच्या बैठकीत हा विषय निघतो आणि बहुधा एका सुस्काऱ्यावर संपतो. 1949 साली बडोदे संस्थान विलीन झाले. व्हिएन्नाला हाच प्रश्न त्याच्या तीस वर्षे आधी आणि पुष्कळ अधिक कठोरपणे विचारला गेला होता. म्हणून त्या शहराकडे मी केवळ प्रवाशाच्या नजरेने पाहू शकलो नाही.

हाब्सबुर्ग घराण्याने ऑस्ट्रियावर सहाशेहून अधिक वर्षे राज्य केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर 1918 मध्ये, सम्राट कार्ल राज्यकारभारातून बाजूला झाले आणि पाच कोटी प्रजेचे साम्राज्य विस्कटले. उरलेल्या ऑस्ट्रियाची लोकसंख्या 65 लाखांच्या आसपास. त्यांतले सुमारे 18 लाख लोक एकट्या व्हिएन्नात. लहानशा धडावर भले मोठे डोके, अशी त्या शहराची तेव्हा चेष्टा होत असे. साम्राज्य चालविण्यासाठी बांधलेली कार्यालये होती, पण साम्राज्य नव्हते. राजवाडा होता, राजा नव्हता. अशा शहराने भूतकाळाची आरती ओवाळीत बसावे, हे सर्वांत सोपे होते.

शहराचे रूप पाहावयाचे तर रिंगश्ट्रासे नावाच्या वळणदार रस्त्याने पायी जावे. येथे पूर्वी तट होता. 1683 च्या तुर्की वेढ्यात ज्या तटाने शहर राखले, तो पुढे निरुपयोगी झाला. डिसेंबर 1857 मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी तो पाडण्याची आज्ञा दिली आणि 1 मे 1865 रोजी हा रस्ता खुला झाला. लांबी पाच किलोमीटरहून थोडी अधिक. एखाद्या नाटक कंपनीच्या कपडेपटातून काढल्याप्रमाणे येथील प्रत्येक इमारतीला तिच्या कामाला शोभेल असा पोशाख चढविलेला आहे. संसदभवन ग्रीक थाटाचे, कारण लोकशाहीचे माहेर ते. नगरभवन गॉथिक, कारण मध्ययुगातील स्वाभिमानी नगरांची ती खूण. विद्यापीठ रेनेसान्स पद्धतीचे, कारण नवी विद्या तेव्हा उदयाला आली. प्रथम याचे हसू येते. मग तासभर चालल्यावर लक्षात येते, की पोशाख निरनिराळे असले तरी कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. इमारतींमध्ये मोकळे अंतर आहे, त्या अंतरात बागा आहेत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडे आणि बाके आहेत, आणि मधून ट्रॅम घंटा वाजवीत जाते. त्या शहराचा डौल मला एकेका इमारतीपेक्षा या शेजारधर्मात अधिक दिसला.

हा डौल फुकट मिळालेला नाही. याच रस्त्यावरील ऑपेरागृहाची कथा ऐकण्यासारखी आहे. फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग या दोघा मित्रांनी ते रचले. बांधकाम चालू असतानाच लोकांनी त्याची इतकी टवाळी केली, की 1868 च्या एप्रिलमध्ये फान डेर न्युल याने आत्महत्या केली आणि पुढे थोड्याच आठवड्यांत त्याचा जोडीदारही वारला. 1869 साली वास्तू उघडली तेव्हा ती पाहावयास दोघांपैकी कोणीही नव्हते. त्यानंतर सम्राट कोणत्याही कलाकृतीविषयी कौतुकाच्या ठरावीक दोन शब्दांपलीकडे काही बोलत नसत, असे सांगतात. आज तेच ऑपेरागृह शहराचे भूषण आहे. रसिक म्हणविणाऱ्या नगराची जीभ किती धारदार असते, याची ती वास्तू आठवण आहे. रसिकतेचा वारसा मिरविणाऱ्या आपणा सर्वांना ती उपयोगी पडावी.

पुढे 12 मार्च 1945 रोजी बॉम्बहल्ल्यात हे ऑपेरागृह पेटले. दर्शनी भाग आणि मुख्य जिना तेवढा वाचला. पुढच्याच महिन्यात संत श्टेफान यांच्या प्रार्थनामंदिराचे प्रचंड लाकडी छप्परही जळून कोसळले. देशात अन्नाचा तुटवडा, चार परकी सैन्ये ठाण मांडून बसलेली. अशा वेळी ऑस्ट्रियाच्या प्रांतांनी त्या मंदिराची कामे वाटून घेतली. एकाने घंटा ओतून दिली, एकाने फरशी दिली, एकाने खिडक्या. 1952 साली मंदिर पुन्हा उभे राहिले. 1955 च्या वसंतात स्वातंत्र्याचा तह झाला, शरदात परकी सैन्ये गेली आणि 5 नोव्हेंबर रोजी ऑपेरागृह बेथोवेनच्या ‘फिडेलिओ’ने उघडले. बंदिवासातून मुक्त होणाऱ्या माणसाची ती कथा. निवड किती समर्पक होती, हे वेगळे सांगावयास नको.

या ऑपेरात मी एका रात्री उभा राहून गाणे ऐकले. उभ्याने ऐकण्याच्या जागा तेथे पूर्वापार आहेत. त्यांचे तिकीट बैठकीच्या तिकिटाच्या मानाने अगदी स्वस्त. आधी रांगेत यावे, मिळेल त्या जागेच्या कठड्याला आपला रुमाल बांधावा आणि मग खुशाल बाहेर फिरून यावे. त्या रुमालाला कोणी हात लावीत नाही. माझ्या एका बाजूला पाठीवर पिशवी अडकविलेला विद्यार्थी होता. दुसऱ्या बाजूला सत्तरीच्या एक बाई, पायांत साधे कापडी बूट घालून, पाऊण तास आधीपासून उभ्या. मध्यंतरात त्यांनी आजच्या गायिकेच्या स्वरांतला एक दोष मला बोटावर बोट मोजून दाखविला. मी मान वर केली, तो बरोबर आमच्या डोक्यावर मधला मोठा सज्जा. पूर्वी सम्राट बसत तो. सम्राट गेले, त्यांच्या पायाखाली उभे राहणारे श्रोते मात्र तेथेच आहेत, आणि गाणे अद्याप त्यांच्या कानांच्या धाकात आहे.

1919 च्या कायद्याने राजघराण्याची मालमत्ता शासनाकडे आली. दरबारी ग्रंथालय राष्ट्रीय ग्रंथालय झाले. राजवाड्याच्या दालनांत संग्रहालये नांदू लागली. एका भागात आज राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय आहे. पण देणे तेव्हाच सुरू झाले असे नाही. सम्राट दुसरे योझेफ यांनी 1766 मध्येच शिकारीचे राखीव रान, प्राटर, सर्वांना मोकळे केले होते. आणि आता तो पाण्याचा पेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या नटव्या शहरातले लोक बहुतांशी विहिरींचे दूषित पाणी पीत आणि पटकी-विषमज्वराने मरत. भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्युस यांनी आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी आणण्याचा आग्रह धरला. खर्चावरून वाद झाले. तरीही सुमारे 95 किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधून 24 ऑक्टोबर 1873 रोजी पाणी शहरात आले. पाणी स्वतःच्या उताराने वाहत येते, पंप लावावे लागत नाहीत. 1910 साली असाच दुसरा जलमार्ग झाला. श्रीमंतांच्या कॉफीगृहात आणि कामगाराच्या स्वयंपाकघरात आज तेच डोंगरी पाणी येते. म्हणून तो पेला मला महत्त्वाचा वाटला. तबक चांदीचे असेल वा पत्र्याचे, पाणी एकच.

घरांच्या बाबतीत नगराने हाच विचार चालविला. राजेशाही गेल्यावर 1919 ते 1934 या काळात निवडून आलेल्या नगरसभेने कर बसवून 60 हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. त्यांतली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत मी मुद्दाम पाहिली. सुमारे एक किलोमीटर लांब, 1,382 घरांची, 1930 साली उघडलेली. तांबूस रंग, उंच कमानी, आत प्रशस्त अंगणे आणि झाडे. धुलाईघरे, बालमंदिरे, वाचनालय यांची सोय मूळ आराखड्यातच. राजवाड्याच्या कमानी पाहून सरावलेल्या डोळ्यांना ओळख पटते : हा कामगारांचा राजवाडा आहे. आजही नगरपालिकेच्या मालकीची सुमारे 2 लाख 20 हजार घरे आहेत. त्यामुळे हे नटलेले शहर धोब्याला, शिक्षकाला आणि व्हायोलिनवाल्यालाही राहण्याजोगे उरले आहे.

आता खाण्याविषयी. व्हिएन्नाच्या ताटात हरवलेले साम्राज्य जसेच्या तसे सापडते. गुलाश हंगेरीचा, आलुबुखाराच्या आटवलेल्या गराने भरलेले गोड उंडे आणि वाफाळलेले बुख्टेल बोहेमियाच्या स्वयंपाकिणींनी आणलेले, पातळ धिरड्यासारखे पालाचिंकेनही पूर्वेकडून आले. सफरचंदाच्या श्ट्रूडेलची पारी इतकी पातळ ताणतात, की तिच्याखाली ठेवलेले वर्तमानपत्र वाचता यावे, असा दंडक आहे. श्ट्रूडेलची 1696 सालची हस्तलिखित कृती नगराच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. पाककृतीला दप्तरात जागा देणारे नगर खरोखर सुसंस्कृत म्हणावे. प्रसिद्ध श्निट्झेल वासराच्या मांसाचे, म्हणून आपल्यापैकी अनेकांना वर्ज्य. पण त्यातही शिस्त अशी, की दुसरे मांस वापरले तर तसे नाव लिहावेच लागते. झाखर टोर्ट हा जर्दाळूच्या मुरंब्याचा थर दिलेला चॉकलेटचा केक 1832 साली फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने मेटर्निखच्या मेजवानीसाठी केला, असे सांगतात. पुढे अस्सल कोणाचा, यावरून दोन नामांकित घरांत वर्षानुवर्षे भांडण चालले आणि 1963 साली तडजोडीने मिटले. मला विचाराल तर तो किंचित कोरडा असतो. शेजारी फेटलेल्या सायीचा ढीग ठेवतात तो त्यासाठीच. श्ट्रूडेल मात्र दोनदा मागून घेतला.

हे खाताना आपल्या स्वयंपाकघराची आठवण झाली. ज्या घरांत आमटी गुजराती गोडीला सरावली आणि पुरणपोळीच्या पंगतीत ढोकळ्याला आसन मिळाले, त्यांना परमुलखात रुजलेल्या चवीचे मोल समजावून द्यावयास नको. राज्ये नकाशावरून पुसली जातात. ताटावरून पुसली जावयास फार वेळ लागतो.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मी त्या शहराच्या प्रेमात आंधळा होऊन आलो. तसे नाही. राजवाड्यापुढच्या विस्तीर्ण चौकात मी एका सकाळी उभा होतो. मार्च 1938 मध्ये याच चौकात प्रचंड समुदायाने हिटलरचा जयघोष केला. त्या दिवसांत याच सुंदर रस्त्यांवर ज्यू डॉक्टरांना, वकिलांना, वृद्धांना गुडघ्यांवर बसवून फरशी घासावयास लावले, आणि जमलेले शेजारी हसत पाहत होते. ज्या कॉफीगृहांच्या गप्पांची जगभर कीर्ती, तेथील लेखक, वाचक, वैद्य यांत ज्यूंचा वाटा फार मोठा होता. वृद्ध फ्रॉइड यांना 4 जून 1938 रोजी आपले घर सोडून जावे लागले. ज्यांना जाता आले ते गेले. ऑस्ट्रियातील सुमारे 65 हजार ज्यू मारले गेले. फरशी घासावयास लावणाऱ्यांतही ऑपेरा ऐकणारे असतील. त्यांनीही कॉफीबरोबरचे पाणी प्यायले असेल.

यूडेनप्लाट्झ या लहान चौकात 2000 साली उभारलेले रेचल व्हाइटरीड यांचे स्मारक आहे. काँक्रीटचे एक बंद ग्रंथालय. भिंतीभर पुस्तके, पण सर्वांचे कणे आत वळविलेले. नाव एकाचेही वाचता येत नाही. दाराला मूठ नाही. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. संस्कृती माणसाला आपोआप भले करते, या समजुतीवर आपण वाढलो. संगीताची जाण, नेटके बोलणे, खानदानी रीत ही दुर्बळाच्या वेळी उपयोगी पडली नाही तर तिची किंमत काय, हा प्रश्न ते स्मारक विचारते. व्हिएन्नाने त्याचे उत्तर टाळण्यात बरीच वर्षे घालविली. मारल्या गेलेल्यांची 64 हजारांहून अधिक नावे कोरलेली भिंत तेथे उभी राहिली ती 2021 साली. उशीर झाला; पण नावे लिहिली गेली.

व्हिएन्नाचे वाद संपलेले नाहीत. जुन्या शहराला 2001 साली जागतिक वारशाचा मान मिळाला आणि एका नियोजित उंच इमारतीपायी 2017 साली त्याचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत गेले. राजेशाहीनंतर रोडावलेली वस्ती 2023 मध्ये पुन्हा 20 लाखांवर पोहोचली आहे. नव्या लोकांना घरे हवीत, जुन्यांना आकाशरेषा हवी. हे भांडण जिवंत शहराचे आहे. निव्वळ देखाव्यासाठी राखलेल्या शहरात असली भांडणे होत नाहीत.

मी जे शिकलो ते थोडक्यात असे. दरबारी वैभवातले जे सर्वांना वाटले गेले ते टिकले, आणि जे मूठभरांच्या मिरविण्यापुरते होते ते दर्शनी कपाटात जाऊन बसले. आपल्याकडे हे कळलेले राजे होऊन गेले. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, 1910 साली मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि आजव्याचा तलाव बांधून नगराला नळाचे पाणी दिले. राजवाड्याच्या आठवणी काढताना आपण या नळाची आठवण क्वचितच काढतो. महाराजांनी दिले, आपण घेतले. पुढे कोणाला काय दिले, याचा हिशेब आपल्या घराण्यांनी एकदा मांडावा.

हिशेब माझ्यापासूनच सुरू करतो. आमच्या घरी आजोबांच्या पुस्तकांचे एक सागवानी कपाट आहे. त्याची किल्ली वर्षानुवर्षे आईच्या कमरेला होती, आता माझ्याकडे आहे. पाहुणे आले की मी ते बाहेरून दाखवितो. आत जुनी नाटके आहेत, मासिकांचे बांधीव खंड आहेत, आणि आजीने मोडीत लिहिलेली पाककृतींची एक वही आहे. गेल्या दहा वर्षांत त्यांतले एकही पान कोणी वाचलेले नाही. शेजारच्या गुजराती मित्राची मुलगी मराठी शिकते. तिने एकदा पुस्तक मागितले तेव्हा मी ‘नंतर बघू’ म्हणालो होतो.

व्हिएन्नाहून परतल्यावर पहिल्या रविवारी तिला बोलाविले. आली तशी आपल्या रीतीप्रमाणे तिच्यापुढे गूळ आणि पाण्याचा तांब्या-भांडे ठेवले, आणि मग कपाट उघडले. बिजागरी कुरकुरली. आजीची वही तिने स्वतःहून उचलली आणि ही अक्षरे कोणती, असे विचारले. मोडी मलाही नीट वाचता येत नाही. आता दर रविवारी आम्ही दोघे ती शिकत आहोत.